न उघडलेले सहा फर्मे

दप्तरींनी कटिंग मशीनचं चाक फिरवून पुस्तक घट्ट आवळलं, दांड्याला हात घातला आणि तसेच थांबले. उजव्या हाताचा अंगठा पुस्तकाच्या कडेवरून एकदा वर गेला, एकदा खाली आला. मध्ये एका जागी पानं सुटी लागेनात. एकमेकांना धरून बसलेली होती. त्यांनी चाक उलटं फिरवलं, पुस्तक काढून घेतलं आणि खिडकीपाशी नेलं.

बंद पानं त्यांना नवी नव्हती. चाळीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली होती. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, लहानथोर सगळे दप्तरीच म्हणत. जुन्या काळी पुस्तक यायचंच दुमडलेल्या कागदांचं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, त्याची घडी घालायची, त्या घडीला म्हणायचं फर्मा; असे वीसेक फर्मे शिवले की झालं पुस्तक. घडीच्या कडा वाचणाऱ्यानं आपल्या सुरीनं कापत पुढं जायचं. कुणी नाहीच कापल्या, तर कधी ना कधी पुस्तक दप्तऱ्याकडे येई आणि त्याचं पातं एका दमात सगळ्या मोकळ्या करी. गिऱ्हाईक खूश, दप्तरी मोकळा. कॉलेजच्या ग्रंथालयानं दुरुस्तीला पाठवलेल्या अकरा जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचंही गेले आठ दिवस त्यांनी असंच रीतसर काम केलं होतं. हे शेवटचं पुस्तक होतं.

पण काल जेवताना सून जे बोलली, ते त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं.

सून त्याच कॉलेजात हंगामी शिकवायची आणि गोऱ्या साहेबांच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांवर प्रबंध लिहायची. राज्य करणाऱ्यांना आपल्या राज्याबद्दल मनातून काय वाटत होतं, ते त्यांच्याच गोष्टींतून हुडकायचं, असा तिचा विषय. तीन वर्षं ती त्यात नाकातोंडापर्यंत बुडाली होती. आणि काल तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिचं मुख्य प्रकरण परत केलं होतं. लिहिणाऱ्याचं मन तू पन्नास पानं सांगतेस, वाचणाऱ्यांचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. ही पुस्तकं साहेबांच्या क्लबात होती म्हणतेस, पण ती तिथं कुणी वाचली तरी का? क्लब केव्हाच बंद पडला होता, त्याची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात आली होती आणि देवघेवीचं रजिस्टर वाळवीनं फस्त केलं होतं. महिन्याभरात उत्तर मिळालं नाही तर प्रकरण गळणार, प्रबंध वर्षभर लांबणार आणि प्रबंध नाही म्हणून कॉलेज तिला पुढच्या वर्षी ठेवणार नव्हतं. एवढं सांगून ती अर्ध्या जेवणावरून उठली होती.

दप्तरींनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. घर वर होतं, कारखाना खाली.

"सूनबाई! जरा खाली येतेस?"

ती ओले हात पदराला पुसत आली. दप्तरींनी पुस्तक तिच्यासमोर धरलं आणि पानं बोटाखालून सोडली. पहिले अकरा फर्मे फरफर उलटले. मग सहा फर्मे एकेका गठ्ठ्यानं धपकन पडले. शेवटचे तीन पुन्हा मोकळे.

"काय दिसलं?"

"पानं चिकटलीत?"

"चिकटली नाहीत. बंद आहेत. कापलीच नाहीत कुणी." त्यांनी सुरीनं पान कसं उघडायचं ते हवेतच करून दाखवलं. "इथपर्यंत वाचत आला. मग हे सहा सोडले आणि एकदम शेवट गाठला. त्याच्या नंतरच्यानंही तेच केलं. पन्नास जणांच्या हातून गेलं असेल पुस्तक, पण या सहा फर्म्यांत एकाचीही सुरी शिरलेली नाही."

सुनेनं पुस्तक हातात घेऊन पानं स्वतः सोडून पाहिली. मग मटकन स्टुलावर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "कालपासून मी हेच तर विचारतेय सगळ्यांना."

"मला कुठं विचारलंस?"

त्यावर दोघंही हसले.

हे नेमकं पुस्तक सुनेनं वाचलेलं नव्हतं. त्याचा कणा किड्यांनी इतका पोखरला होता, की ग्रंथालयानं ते कुणाला देणंच बंद केलं होतं, आणि दुसरी प्रत तिला कुठं मिळाली नव्हती. मोकळी पानं तिनं तिथंच, खळीच्या वासात, दुपारभर बसून वाचली. राहता राहिले सहा फर्मे. ते कापले तर वाचता येणार होते. पण एकदा कापल्यावर ते कधीकाळी बंद होते, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी खरं मानणार नव्हतं.

"कापायचे नाहीत," दप्तरी म्हणाले. "तू माझ्या डोळ्यांदेखत सुरीला हातसुद्धा लावू नकोस."

"मग वाचू कसं?"

चार पानांतली दोन बाहेरून दिसत होती, दोन घडीच्या पोटात होती. दप्तरींनी घडी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, तशी ती खिशासारखी फुगली. सुनेनं मोबाइलचा दिवा लावून डोकं टेबलावर आडवं टाकलं आणि एक डोळा मिटून आत बघायला सुरुवात केली. एक ओळ वाचायची, मान वळवायची, दुसरी ओळ वाचायची. दप्तरींची बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"काय चाललंय? पुस्तकाच्या कानात औषध घालताय?"

"आई, हलवू नका टेबल. ओळ सुटेल."

"साहेब गेले, त्यांचा क्लब गेला," ती चहा ठेवत म्हणाली, "पण वाचायला दोन माणसं लागतात, अशी पुस्तकं ठेवून गेले."

गोष्ट अशी होती. एक तरुण साहेब बोटीनं येतो, नाचतो, शिकारी करतो. मग वरिष्ठ त्याला डोंगरापलीकडची खिंड शोधायला धाडतात. एक म्हातारा वाटाड्या त्याला वादळातून, दरडीवरून, थंडीतून पार नेतो आणि खिंड सापडते. इथवर पानं उघडी. शेवटच्या तीन फर्म्यांत साहेबाचं लग्न होतं, बढती मिळते, खिंडीला त्याचं नाव दिलं जातं, आणि म्हातारा वाटाड्या उन्हात उभा राहून त्याला सलाम करतो.

"थांब," दप्तरी म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सून वाचून मराठीत सांगत होती आणि ते पुठ्ठा कापता कापता ऐकत होते. "खिंड ठाऊक कुणाला होती?"

"वाटाड्याला. त्याचे आजोबा तिथून मेंढ्या न्यायचे, असंही लिहिलंय."

"मग ती साहेबाला सापडली कशी?"

सुनेनं मान वर केली. तिच्या गालावर टेबलाचा वळ उठला होता.

"हाच तर माझा प्रबंध आहे, बाबा. लोकांना वाटतं, हे लेखक नुसते शिव्या देत असतील. शिव्या देणारे सोपे असतात हो, ते लगेच ओळखू येतात. कठीण असतात ते कौतुक करणारे. या म्हाताऱ्याबद्दल इतकं मायेनं लिहिलंय, की डोळ्यांत पाणी येईल. फक्त त्याला नाव नाही, आणि 'होय साहेब' याखेरीज तीनशे पानांत तो एक शब्द बोलत नाही."

"आणि या मधल्या सहांत?"

मधलं वाचायला तीन दिवस लागले. पहिल्याच बंद फर्म्याच्या वरच्या पानावर प्रकरणाचं नाव होतं, 'दुष्काळ'. ते बाहेरूनच दिसत होतं. साहेबाची बदली दुष्काळी मुलखात होते. तिथं धान्याच्या गाड्या पहाऱ्यात बंदराकडे जातात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं पडलेली असतात. त्या गाड्यांवर सही त्याचीच असते. रात्री तो बापाला पत्र लिहायला बसतो. आपण इथं यांच्या भल्यासाठी आलो असं तुम्ही मला शिकवलंत, असं तो लिहितो. मग हे भलं कुणाचं चाललंय, ते एकदा येऊन पाहा. पत्र तो पाठवत नाही. पुढच्या पानावर त्याची पुन्हा बदली होते आणि गोष्ट रुळावर येते.

वाचून झाल्यावर सुनेनं मोबाइलचा दिवा बंद केला.

"मी पन्नास पानं लिहिलीत, की या लोकांना शंकाच नव्हती," ती म्हणाली. "याला तर होती."

"याला होती," दप्तरी म्हणाले. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. "पण ती कुणी उघडून पाहिली नाही. नाव वाचूनच लोकांनी पान सोडलं."

सुनेनं चटकन वही ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग तिच्या मनात आलं ते तिनं लगेच बोलून दाखवलं. तिचा स्वभावच तसा होता.

"बाबा! बाकीच्या कादंबऱ्या कुठं आहेत? त्यांतही असतीलच की बंद पानं! कुठल्या पुस्तकात क्लब कुठं थांबला, ते सगळं दिसेल. आणा ना, बघू या."

दप्तरींचा हात खळीच्या पातेल्यातच राहिला. कालपरवापासून ते या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येऊ नये असंही त्यांना वाटत होतं. ती सगळी पुस्तकं मागच्या फळीवर नव्या कपड्यात, नव्या कण्यासकट, कडा आरशासारख्या सपाट होऊन उभी होती. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांचे फर्मे बंद होते, हे त्यांच्या हाताला शिवतानाच कळलं होतं. त्या हातानंच ते कापले होते.

"कापली," ते म्हणाले.

"सगळी?"

"रीतच आहे ती. माझ्या लक्षातच आलं नाही, की..." पुढचं त्यांना जुळेना. चाळीस वर्षांत त्यांनी कधी कुणाचं पान उलटसुलट शिवलं नव्हतं, आणि आज घरच्याच मुलीच्या तोंडचा घास त्यांच्या पात्यानं उडवला होता.

सुनेचा चेहरा उतरला. मग तिनं तो ओढूनताणून सारखा केला.

"जाऊ दे, बाबा. तुम्हाला काय माहीत असणार!"

ती चांगल्या मनानं म्हणाली होती. तरी दप्तरींना ते लागलं. माहीत नसायला काय झालं? पान बंद का असतं हे या घरात त्यांनाच तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रद्दीवाल्यासाठी बांधून ठेवलेलं कातरणाचं पोतं सोडलं आणि जमिनीवर जुनी चादर पसरून त्यावर उपडं केलं. उघड्या पानांच्या कडा कापल्या की सुट्या पट्ट्या पडतात. बंद पानाची घडी कापली की पट्टी दुमडलेलीच पडते, चिमट्यासारखी. कागद ओळखायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. हा जाड, हा तुकतुकीत, हा वरून धुरकटलेला. बोटांनी चाचपून त्यांनी पुस्तकागणिक ढीग लावले. दुमडलेल्या पट्ट्या निवडायला मात्र नजर लागत होती. ते काम बायकोनं अंगावर घेतलं आणि दोन दिवस त्यांच्या चष्म्यावरून त्यांना टोमणे मारले. सहा पुस्तकांत किती पानं बंद होती, ते नक्की सांगता आलं. कुठली, ते नाही. बाकीच्यांचं कातरण इतकं मिसळलं होतं, की दप्तरींनी हात टेकले.

सुनेनं सगळं टिपून घेतलं. नंतरचे तीन आठवडे तिच्या खोलीतला पंखा आणि तिची बोटं, दोन्ही अखंड चालू होती.

प्रकरण मॅडमना पसंत पडलं. नुसतं पसंत नाही, त्यांनी ते एका नियतकालिकाकडे लेख म्हणून धाडायला सांगितलं आणि कॉलेजच्या प्राचार्यांजवळ सुनेबद्दल चार चांगले शब्द टाकले. नोकरी टिकली, असंच समजायला हरकत नव्हती. त्या दिवशी दप्तरींनी दुकान लवकर बंद केलं.

रविवारी दुपारी सून धाडायच्या लेखाची प्रिंट काढलेली पानं घेऊन खाली आली. दप्तरी खळ शिजवत होते.

"मराठीत सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. गाळू नकोस."

ती मशीनला टेकून उभी राहिली आणि इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचून, तोंडानं मराठी करत सांगू लागली. सुरुवातीचं दप्तरींच्या डोक्यावरून गेलं. मग ओळखीची वाट लागली.

"'या कादंबरीचे सहा फर्मे न उघडलेले असल्याचे प्रस्तुत संशोधिकेच्या निदर्शनास आले.'" तिनं पान उलटलं. "'लेखकाला शंका होती, पण ती कुणी उघडून पाहिली नाही, असे संशोधिकेचे मत आहे.'"

दप्तरींनी पळी फिरवायची थांबवली. वाक्य ओळखीचं वाटलं. कुठं ऐकलं, ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागला आणि आठवल्यावर त्यांनी पळी पुन्हा फिरवायला घेतली.

"'उरलेल्या दहा ग्रंथांच्या कडा पूर्वी केव्हातरी अज्ञात हातांनी कापल्या गेल्यामुळे हा पुरावा नष्ट झाला आहे. तथापि त्यांचे कातरण तपासून...' हे तुम्हाला ठाऊकच आहे, बाबा. आणि मग शेवटी आभार. 'या कामी ज्यांच्या मूक मदतीवाचून पाऊल पुढे पडले नसते, त्या एका वृद्ध, निष्ठावान...'"

तिचा आवाज आपोआप सावकाश होत गेला. इंग्रजीत तिनं ते दहादा तरी वाचलं असेल. या खोलीत, या माणसासमोर, मराठीत ते ती पहिल्यांदाच वाचत होती.

"'...कारागिराची संशोधिका ऋणी आहे,'" ती म्हणाली आणि थांबली.

"संपलं?"

"हो."

"छान लिहिलंयस," दप्तरी म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला. ते वरवरचं बोलले नव्हते. लेख त्यांना आवडला होता आणि सुनेचा अभिमानही वाटला होता. तरीही आत कुठंतरी वाईट वाटत होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी सुनेपासून काही लपवलं नव्हतं. "एक विचारू? ते अज्ञात हात कुणाचे?"

सून एकदम लाल झाली.

"ते मी मुद्दामच तसं लिहिलंय, बाबा. तुम्ही कापली असं लिहिलं आणि ग्रंथालयवाल्यांनी वाचलं, तर? पुढं काम देतील का तुम्हाला? तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून..."

"माझं नाव आहे कुठं त्यात?"

तिनं पुन्हा पानांकडे पाहिलं.

"शोधलंस तू," दप्तरी म्हणाले. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला बांधणीतला दोष दाखवावा, तसं ते एकेक बोट दुमडत सांगत होते. "बोललीस तू. बिघडवलं ते कुण्या अज्ञातानं. मग महिनाभर मी या खोलीत करत काय होतो, सूनबाई?"

सुनेनं पानं मशीनवर ठेवली. नखानं त्यांची कड सारखी केली.

"मॅडम म्हणाल्या, तुझा शोध फार मोलाचा आहे," ती खाली बघत म्हणाली. "आणि मी 'थँक यू' म्हटलं."

"म्हणायचंच. नोकरीचा प्रश्न होता."

"तसं नाही, बाबा. तेव्हा मला तुमची आठवणच झाली नाही. आत्ता वाचताना झाली."

 सुनेनं केसांत खोचलेली पेन्सिल काढली, स्टूल ओढलं आणि 'प्रस्तुत संशोधिकेच्या' या शब्दांवर आडवी रेघ मारली. मग आणखी दोन ठिकाणी. शेवटचा आभाराचा परिच्छेद तिनं अख्खाच खोडला.

"सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहिते."

"मला कुठं तुमच्यासारखं बोलता येतं?"

"माझ्यासारखं नकोच."

ते समोरच्या पेटीवर बसले. खळ पुसलेले हात गुडघ्यांवर ठेवले. बोलायचं होतं म्हणून हटून बसले होते आणि आता लहान पोरासारखे गप्प झाले होते. जिन्यात पावलं वाजली आणि मध्यावर थांबली. बायको ऐकत होती.

"लिही," अखेर ते म्हणाले. "बंद पानं माझ्या अंगठ्याला लागली. डोळ्यांना नव्हे."

सुनेनं लिहिलं. त्याआधी तिनं त्यांचं नाव लिहिलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं आणि मग आडनाव.

"कातरण मी लावलं. दुमडलेल्या पट्ट्या..."

"त्या मी निवडल्या," जिन्यातून आवाज आला. "यांना दिसत होत्या कुठं!"

"हिनं निवडल्या," दप्तरींनी कबूल केलं. "आता खालचं लिही. आधीची पुस्तकं मीच कापली. सवयीनं कापली, कुणाला विचारलं नाही. ती चूक माझी आहे."

"बाबा, ग्रंथालय..."

"ग्रंथालयाचं मी बघून घेईन. लिहिलंस? वाच."

"'उरलेल्या दहा ग्रंथांच्या कडा...'" आणि तिनं त्यांचं पूर्ण नाव घेतलं. "'...यांनी, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, स्वतःच कापल्या होत्या. ही आपली चूक असल्याचे ते सांगतात.'"

दप्तरी उठून तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघू लागले. अक्षरं त्यांना लागत नव्हती, आकडा तेवढा लागत होता.

"हे दहा आहेत का?"

"हो. अकरातलं एक वजा."

"दहा नाहीत. नऊ. ते लाल कपड्यातलं माझ्याकडे आलं तेव्हाच कापलेलं होतं." त्यांनी फळीवरून ते पुस्तक काढून तिच्यासमोर आडवं धरलं. कड खालच्या बाजूला पाव इंचभर उतरती होती. "हे बघ. इतकं तिरकं मी जन्मात कधी कापलेलं नाही."

सुनेनं दहा खोडून नऊ लिहिलं.